पप्पांच्या खडीवरचा एक इंच बर्फ

गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझे वडील गवतात गुडघे टेकून खडी वेचत होते. एकेक खडा उचलायचा, माती झटकायची आणि बादलीत टाकायचा. मातीत मिसळलेली बारीक खडी गाळायला मम्मीची पिठाची चाळणी घेतली होती. वरून ग्लासगोच्या उत्तरेकडच्या डोंगरातला तो बारीक, चिवट पाऊस. मी शनिवारची बस पकडून घरी पोचले तेव्हा बादली अर्धी भरली होती.

"पप्पा, हे काय चाललंय?"

"रस्ता परत आणतोय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

हा रस्ता म्हणजे आमचा ड्राइव्ह. खालच्या कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी, रस्त्यापासून निघतो, चढ चढतो, तीन घरांच्या दारांवरून जातो आणि आमच्या दाराशी संपतो. पप्पांनी तीस वर्षं लंडनजवळच्या स्लाऊच्या एका वेअरहाउसमध्ये पेट्या उचलल्या. मी शिकायला ग्लासगोला आले तेव्हा ते मला सोडायला आले, डोंगर बघितले आणि रिटायर झाल्यावर इथेच घर घेतलं. स्लाऊमधल्या मित्रांनी वेड्यात काढलं. त्या वेळी हा ड्राइव्ह नव्हता, चिखल होता. गाडीची चाकं रुतायची, पोस्टमन खालूनच परत जायचा. बाकीच्या तीन घरांना त्याची सवय झाली होती. पप्पांना होईना.

कारण पप्पांना चिखल लहानपणापासून ठाऊक होता. त्यांच्या गावात खडीचा ट्रक यायचा तो चावडीपर्यंत. खडी गावात यायची आणि गावातच संपायची. आमच्या वस्तीकडे जायला पायवाट होती, आणि पावसाळ्यात तीही नसायची. पप्पा चपला हातात धरून शाळेत जायचे आणि शाळेच्या दाराशी पाय धुऊन आत शिरायचे, ते सुद्धा सगळ्यांच्या नंतर. वस्तीचा रस्ता दर वर्षी "पुढच्या वर्षी" मंजूर व्हायचा. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा चढवला नाही. मी असते तर खिडक्या हलल्या असत्या.

म्हणून इथे आल्यावर पप्पांनी खडी मागवली. खाणीतून लॉरीवर लॉरी आली, आणि ती पसरायला आमची माणसं आली. श्रमदान. ग्लासगोहून तीन कुटुंबं, स्लाऊहून दोन गाड्या भरून, इल्फर्डहून एक काका-काकू, ते तर ट्रेनमध्ये दंताळं घेऊन बसले होते. विहारातले एक डॉक्टर, ज्यांनी आयुष्यात फावडं धरलं नव्हतं, त्यांच्या तळहातांना दुपारपर्यंत फोड आले आणि ते फोड सगळ्यांना दाखवत फिरले. दुपारी गवतावर पिठलं-भाकरी. दोन उन्हाळे हे चाललं. शेवटची व्हीलबॅरो, म्हणजे एकचाकी ढकलगाडी, पप्पांनी स्वतः आमच्या दाराशी ओतली, तिच्यावर उभे राहिले आणि बुटांखाली ती खडी करकरली तसे हसले. खालच्या घरातले चेअरमनसाहेब त्यांच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चेअरमनसाहेब म्हणजे आमच्या चार घरांच्या कमिटीचे चेअरमन. सगळ्यात खालचं घर त्यांचं. बोलायला गोड, इस्त्रीचे शर्ट, आणि प्रत्येक गोष्टीची मिनिट्स, म्हणजे वहीत लेखी नोंद. दुसऱ्या घरात एक म्हातारी मेंढपाळ बाई राहते, एकटी, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिसरं घर एका जोडप्याचं आहे. ते फक्त उन्हाळ्यात येतात आणि बाकी वर्षभर चेअरमन म्हणतील त्याला ईमेलवरून हो म्हणतात. चौथे आम्ही.

तर खडी पसरून झाली त्याच हिवाळ्यात बर्फ पडला. चेअरमननी कोणाला न विचारता कॉन्ट्रॅक्टर बोलावला. त्याचा ट्रॅक्टर राक्षसासारखा, पुढे पोलादाचं पातं. वीस मिनिटांत त्याने ड्राइव्हची हजामत केली. बर्फ गेला आणि बर्फाबरोबर खडी गेली. कडेच्या चरात गेली, गवतात गेली, मेंढ्यांच्या कुरणात गेली. आणि चेअरमनसाहेबांनी कमिटीत काय म्हणावं? की खडी या हवेला सूट होत नाही, टारमॅक, म्हणजे डांबर, करून टाकू.

माझं डोकंच फिरलं. मी ग्लासगोत भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिणं हे माझं रोजचं काम. घरमालकाने हीटिंग बंद ठेवलं, लिहा पत्रक. भिंतीला बुरशी आली, लिहा पत्रक. त्या रात्री मी चार पानं लिहिली. मथळा होता: "खडी कोणाची?" खाली पाच मागण्या, ठळक अक्षरात. चारही लेटरबॉक्समध्ये टाकली. आमच्याही टाकली, तत्त्व म्हणून.

मम्मी म्हणाली, "अगं, आपल्याच घरात पत्रक टाकतेस? मला तोंडाने सांग की."

पत्रकाचा उपयोग झाला, हे मी ठासून सांगते. चेअरमन नमले. पूर्ण नाही, पण नमले. मिनिट्समध्ये असं लिहिलं गेलं: पुढचा एक हिवाळा ड्राइव्ह मोकळा ठेवायची जबाबदारी वरच्या घराची. एकही सकाळ रस्ता बंद राहिला, किंवा खडी पुन्हा चरात गेली, तर वसंतात टारमॅक. पप्पांनी सही केली.

आणि ऑक्टोबरमध्ये पप्पांच्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून कुबडी आणि सूचनांचा कागद घेऊन आले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, निसरड्यावर पाय ठेवायचा नाही. ट्रॅक्टरचं नावच काढायचं नाही.

"मी करते," मी म्हणाले.

"तू?" मम्मी म्हणाली. "तुला सायकल वळवता येत नाही."

मी ऑफिसला कळवलं की हिवाळाभर घरून काम करेन, आणि बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, गादी टाकली.

ट्रॅक्टर मेंढपाळ बाईचा. माझ्यापेक्षा वयाने मोठा, एका बाजूचं दार नाही, पुढे मेंढ्यांचं खाद्य उचलायची लोखंडी बकेट. बाई सत्तरीची, उंचीने माझ्या खांद्याएवढी, आणि लहान-थोर सगळ्या बायकांना 'हेन' म्हणते. हेन म्हणजे कोंबडी, पण इकडे लाडाने असंच म्हणतात. तिने मला दोन दुपारी शिकवलं. क्लच कसा सोडायचा, बकेट उचलायचा लिव्हर कुठला, तिची धार वाकवायचा कुठला. आणि शेवटी म्हणाली, "खाली एक इंच बर्फ राहू दे, हेन. खडीवर आहेस तू."

मी मान डोलावली. तिच्याकडून मी क्लच शिकले, लिव्हर शिकले. ती एक इंचाची गोष्ट मात्र कानावरून गेली.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या शेवटी पडला. सकाळी उठले तर सगळं पांढरं. मी दोन जॅकेट घातली, ट्रॅक्टर आणला, आणि वरून खाली निघाले. त्या सकाळी माझ्या डोक्यात काय होतं ते खरं सांगते. चेअरमनना बोट ठेवायला जागा द्यायची नाही. बर्फाचा कण ठेवायचा नाही. माझ्या कामात मी हेच शिकले आहे: अर्धं मागितलं की पाव मिळतं. एक इंच ठेवायचा म्हणजे तडजोड, आणि तडजोड करायला मी दोन जॅकेट घातली नव्हती. मी धार खाली वाकवली आणि रेटलं.

काय सुंदर साफ होत होतं! काळीभोर पट्टी मागे उलगडत होती. आमच्या खिडकीत पप्पा खुर्चीवर बसलेले दिसले. ते कुबडीने काचेवर ठोकत होते. जोरजोरात. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी स्टिअरिंगवरचा हात सोडून त्यांना हात दाखवला. ते आणखी जोरात ठोकायला लागले. मी आणखी जोरात रेटलं.

खाली पोचले, उतरले, मागे वळून बघितलं. ती काळी पट्टी म्हणजे चिखल होता. जमीन अजून गोठली नव्हती, मऊ होती, आणि बकेटची धार तिच्यात लोण्यात सुरी जावी तशी गेली होती. माझ्या समोरचा ढीग करड्या रंगाचा होता. अर्धा बर्फ, अर्धी खडी. इल्फर्डच्या काकांनी पसरलेली, डॉक्टरांच्या फोडांची, गवतातून चाळणीने वेचून आणलेली.

मी स्वयंपाकघरात आले. बूट न काढता. मम्मीने बुटांखाली वर्तमानपत्र सरकवलं.

पप्पा म्हणाले, "त्या माणसाने केलं तेव्हा तू चार पानं लिहिलीस."

मी हातमोजे काढायला लागले.

"आता किती लिहिणार?"

मी तेव्हा भांडायला उभी राहिले, कारण मला दुसरं काही येत नाही. "मी साफ केलं पप्पा! त्यांना बोलायला जागा नको म्हणून केलं! तुम्ही नेहमी असेच, थोडं राहू द्या, थोडं चालेल, त्यांना काय वाटेल..."

"कोणाला काय वाटेल?" पप्पांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अगं, मला कोणाला काय वाटेल याची पडली असती तर मी ती खडी घातली असती का? इथे लोक चिखलातून जात होते, मजेत जात होते. मला नको होता चिखल. मला खडी पाहिजे. बर्फ गेला काय, राहिला काय, मला खडी पाहिजे. तू त्या चेअरमनसाठी रस्ता साफ करत होतीस. माझ्यासाठी कुठे करत होतीस?"

मी खाली बसून बूट काढले.

मम्मीने कपाट उघडलं. "ही घे, दुसरी चाळणी. पहिलीची जाळी यांनीच फाडली."

सुदैवाने माझा ढीग चराच्या अलीकडे थांबला होता. चार दिवस मी तो उपसला. बर्फ वितळायला ठेवायचा, खडी धुवायची, व्हीलबॅरोने वर न्यायची आणि दंताळ्याने पसरायची. चेअरमन कुत्र्याला फिरवत दोनदा गेले. दोन्ही वेळा थांबून म्हणाले, "सगळं ठीक ना?" मी म्हणाले, "उत्तम." माझ्या हातमोज्यांतून पाणी गळत होतं.

पाचव्या दिवशी मी मेंढपाळ बाईकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती शेडमध्ये गेली आणि कुंपणाचा एक जुना लोखंडी पाइप ओढत बाहेर घेऊन आली, मनगटापेक्षा जाड.

"बकेटची रुंदी आण," ती म्हणाली.

रुंदी पप्पांनी घेतली. म्हणजे ट्रॅक्टर स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा केला, पप्पा दारात खुर्ची टाकून बसले, टेपचं एक टोक त्यांनी धरलं आणि दुसरं मी. त्यांनी वाकायचं नाही म्हणून मी वाकायचे आणि ते ओरडायचे. "सरळ धर! स्लाऊला मी तुझ्यासारखी पोरं पहिल्या दिवशी घरी पाठवायचो!" वेअरहाउसमधली तीस वर्षं त्या दिवशी बाहेर आली. बाईने ग्राइंडरने पाइपला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर पाडली आणि तो बकेटच्या धारेवर हातोड्याने ठोकून बसवला. दोन्ही टोकांना साखळी. आता पुढे धार नव्हती, गोल कड होती. ती खडीत घुसत नाही, खडीवरून घसरत जाते. मी हात फिरवून बघितला. इतकी साधी गोष्ट होती.

"आणि बर्फ पडला की आधी ट्रॅक्टर नुसता वर-खाली चालव," बाई म्हणाली. "चाकांनी दाबून टाक. तो दाबलेला थर खडीला धरून ठेवतो. मग वरचा बर्फ लोट."

"एक इंच ठेवून," मी म्हणाले.

"आत्ता ऐकू आलं का, हेन?"

कडा कळाव्यात म्हणून ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना मी बांबूच्या काठ्या रोवल्या. वर खूण म्हणून चिंध्या बांधायच्या होत्या. मम्मीने तिची जुनी निळी साडी फाडून दिली. आमच्या बैठकीत एका भिंतीवर निळ्या सुटातला फोटो आहे, ज्याला मम्मी रोज सकाळी फूल वाहते. निळा रंग आमच्या घरात कधी नुसता रंग नसतो. वरपासून खालपर्यंत चाळीस निळ्या चिंध्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चेअरमन दारात. "हे झेंडे... म्हणजे, हे कसलं निदर्शन आहे का?"

"नाही हो," मी म्हणाले. "बर्फात कडा दिसाव्यात म्हणून खुणा आहेत."

मागून खुर्चीतून पप्पांचा आवाज आला, इंग्रजीत: "झेंडे असले तर काय झालं?"

चेअरमन म्हणाले, काही नाही, सहज विचारलं.

खरा बर्फ जानेवारीत पडला. दोन दिवस थांबलाच नाही. खालचा कौन्सिलचा रस्तासुद्धा बंद झाला होता. मी पहिल्या उजेडात ट्रॅक्टर काढला. आधी वर-खाली, वर-खाली, बर्फ दाबत. वळताना सावकाश, जागच्या जागी चाक फिरवायचं नाही, नाहीतर चाकच खडी उडवतं. मग बकेट खाली, सपाट, आणि पाइप घसरत निघाला. वरचा बर्फ बाजूला, चरापासून लांब. मागे पांढरा, गुळगुळीत थर. काळं काही दिसलं नाही. मी दर वीस पावलांवर उतरून ढीग बघत होते. पांढराशुभ्र. पप्पांनी मार्चमध्ये गवतातून वेचून बादलीत भरलेल्या बारीक खडीतली उरलेली खडी मी चढावर मुठीमुठीने पेरली, चाकांना पकड मिळावी म्हणून.

चेअरमन बाहेर आले. हातात फोन. दोन फोटो काढले.

"हे पांढरंच आहे," ते म्हणाले. "मिनिट्समध्ये 'मोकळा' असं लिहिलंय. याला मोकळा म्हणता येणार नाही."

"गाडी काढा," मी म्हणाले.

"सॉरी?"

"तुमची गाडी काढा. आणि वर आमच्या दारापर्यंत या. आत्ता. अडकलात तर मी स्वतः टारमॅकच्या बाजूने मत देते."

मत माझं नव्हतंच, पप्पांचं होतं. मी पप्पांचा रस्ता एका माणसाच्या टायरवर लावला होता. चेअरमननी माझ्याकडे बघितलं, चढाकडे बघितलं, काठ्यांकडे बघितलं. मग गाडी काढली. त्यांची इच्छा नव्हती, पण मेंढपाळ बाई फाटकावर कोपरं टेकून बघत होती आणि तिच्यासमोर नाही म्हणणं जड गेलं असावं.

गाडी निघाली. वळणावर मागचं चाक एकदा गरगरलं. चाकाने ती बारीक खडी पकडली आणि गाडी वर गेली, सरळ, निळ्या चिंध्यांच्या मधून, आमच्या दारापर्यंत. मम्मीने दार उघडलं आणि त्यांना विचारलं, चहा घेणार का. त्यांनी घेतला. आलं घातलेला होता, संपवला.

त्या हिवाळ्यात मी अकरा वेळा ट्रॅक्टर काढला. रस्ता एकही सकाळ बंद राहिला नाही.

मार्चमध्ये बर्फ गेला आणि खडी तिथेच होती. कमिटीची मीटिंग चेअरमनच्या बैठकीत. पप्पा कुबडी घरी ठेवून, नुसती काठी घेऊन, पायी उतरले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाजूला हो, आवाज ऐकू दे." करकर, करकर, खालपर्यंत.

चेअरमननी फोटो दाखवले. पांढरा ड्राइव्ह. अटीप्रमाणे तो मोकळा केला गेला नव्हता, असा त्यांचा मुद्दा. उन्हाळी जोडप्याने ईमेलवरून सहमती कळवली होती.

मेंढपाळ बाई म्हणाली, "किती वेळा अडकलास तू?"

चेअरमन म्हणाले, प्रश्न तो नाही.

"प्रश्न तोच आहे. किती वेळा?"

"एकदाही नाही."

पप्पांनी कोटाच्या खिशातून चहाचा कप काढला आणि टेबलावर ठेवला. त्यात खडे होते, मोजून नऊ-दहा. "चर पूर्ण बघितला," ते म्हणाले. "एवढे सापडले. गेल्या वर्षी बादल्या भरल्या होत्या." माझ्या पिशवीत नवं पत्रक होतं, दोन पानी, सात मागण्या. मी ते बाहेर काढलं नाही. आणि मला त्याचं आजही थोडं वाईट वाटतं, कारण पत्रक चांगलं होतं.

मतं पडली दोनास दोन. बरोबरी झाली की आहे तसंच राहतं, हे मिनिट्सच्याच नियमात आहे. टारमॅक बारगळलं. चेअरमननी वही मिटली आणि म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात परत बघू."

"बघा," पप्पा म्हणाले. "आम्ही इथेच आहोत."

बाहेर पडताना चेअरमन दारापर्यंत आले. ऊन पडलं होतं. चाळीस काठ्या उभ्या होत्या, चिंध्या फाटून त्यांच्या दशा निघाल्या होत्या, पण रंग तोच होता.

"आता बर्फ संपला," चेअरमन म्हणाले. "ते निळे तुकडे काढून टाकणार ना?"

मी तोंड उघडलं. पप्पांनी काठी माझ्या बुटावर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या. रस्ता कुठपर्यंत जातो ते दिसतं."

आणि ते चढाला लागले.